फोटो का चढत नाही? छायाचित्र दालनातील अडचणी व त्यांवरील उपाय





गेल्या काही महिन्यांत गट कार्यालयांत एक तक्रार वारंवार कानी येते आहे. ती तोडीची नाही, काट्याची नाही आणि बिलाचीही नाही. "कारखान्याच्या वेबसाइटवर फोटू चढतच नही, भाऊ," अशी ती तक्रार आहे. पहिल्यांदा आम्हीही "रेंज नसेल, संध्याकाळी बघा" असे सांगून मोकळे झालो. पण गेल्या हंगामात एक प्रसंग घडला आणि एवढ्या उत्तराने भागणार नाही हे लक्षात आले.

आपल्या एका सभासदाचा उभा ऊस रात्री जळाला. सकाळी त्यांनी बांधावर उभे राहून मोबाइलवर चौदा फोटो काढले. तारखेचा पुरावा राहावा म्हणून ते सारे आपल्या संकेतस्थळावरील छायाचित्र दालनात टाकले. पडद्यावरची पट्टी शेवटपर्यंत भरली. काही चुकले असे कुठे आले नाही. फोनमध्ये जागा उरली नव्हती, म्हणून त्यांनी फोनमधले फोटो पुसून टाकले. आठ दिवसांनी पाहतात तो दालनात एकही फोटो नाही! हाती राहिले ते फक्त नातेवाइकांना व्हॉट्सअॅपवर पाठवलेले, आकाराने लहान झालेले, मूळ तारीख-वेळेची नोंद गळून पडलेले. तलाठ्यांचा पंचनामा झाला होता म्हणून काम निभावले.

यात त्या सभासदाची चूक नव्हती. दालन सुरू करताना यंत्रातल्या मर्यादा जशा होत्या तशाच राहिल्या, आणि फोटो नाकारला गेला तर तसे सांगण्याची सोय नीट केलेली नव्हती. ही चूक आमची. ती मान्य करूनच पुढे लिहीत आहोत.

दालनाचे काम पाहणारा तरुण आपल्याच एका सभासदाचा मुलगा. तो जळगावला मेहरूणमध्ये राहतो. त्याच्याकडे आम्ही तीन संध्याकाळी बसलो. त्याच्या आईने पुढ्यात मेहरूणची बोरं ठेवली आणि आम्ही लहान-मोठे फोटो एकामागून एक मुद्दाम टाकून, कोणता कुठे अडतो ते पाहत गेलो. तेथे जे समजले ते सभासदांना समजेल अशा भाषेत मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

फोटो म्हणजे दाबलेली गाठ

डिजिटल फोटो हा रंगीत ठिपक्यांचा बनलेला असतो. एका ओळीत किती ठिपके आणि अशा ओळी किती, यावर त्याचा आकार ठरतो. ४००० ठिपके रुंद आणि ३००० ठिपके उंच असा फोटो घेतला तर त्यात १ कोटी २० लाख ठिपके होतात. दहा लाख ठिपके म्हणजे एक मेगापिक्सेल, म्हणून या फोटोला १२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणतात.

आता हाच फोटो फोनमध्ये पाहिला तर त्याची फाइल तीन-चार एमबीचीच दिसते. एवढे ठिपके एवढ्याशा फाइलीत कसे मावले? तर जेपेग नावाच्या पद्धतीने ते दाबून बसवलेले असतात. ही पद्धत १९९२ साली प्रमाण म्हणून ठरली आणि आज बहुतेक फोटो याच पद्धतीने साठवले जातात.

आपल्या खानदेशात हे समजावून सांगायला लांब जायला नको. जिनिंग-प्रेसिंगमधून निघालेली कापसाची गाठ पाहा. ट्रकमध्ये ती नीट थप्पीला लागते. पण तिच्या पट्ट्या कापून गाठ सोडली की खोली भरून जाते. फोटोचेही तसेच आहे. रस्त्याने जाताना तो गाठीसारखा दाबलेला असतो. पण दालनातील सॉफ्टवेअरला त्याची लहान प्रत करायची असेल, आडवा फोटो उभा करायचा असेल, तर आधी गाठ सोडावी लागते. सोडलेल्या फोटोत दर ठिपक्याला चार बाइट जागा लागते. म्हणजे १२ मेगापिक्सेलच्या फोटोला ४ कोटी ८० लाख बाइट, सुमारे ४६ एमबी. चार एमबीची गाठ, आणि सोडल्यावर ४६ एमबी!

अलीकडच्या पुष्कळ फोनांत ५० मेगापिक्सेलचा कॅमेरा असतो. समजा फोटो ८००० बाय ६००० ठिपक्यांचा आहे. ४ कोटी ८० लाख ठिपके, गुणिले चार, म्हणजे १९ कोटी २० लाख बाइट. सुमारे १८३ एमबी. हा आकडा लक्षात ठेवावा. जळालेल्या उसाच्या फोटोंचे कोडे त्यातच आहे.

फाटक, काटा, गव्हाण आणि गोदाम

तुमच्या फोनमधून निघालेला फोटो दालनात लागेपर्यंत त्याला, उसाच्या गाडीसारखेच, काही टप्पे पार करावे लागतात. प्रत्येक टप्प्याची आपापली मर्यादा असते आणि कोणत्याही एका टप्प्यावर गाडी अडू शकते.

पहिला टप्पा रस्त्याचा, म्हणजे मोबाइलच्या रेंजचा. फोन कंपन्या जो वेग सांगतात तो बहुधा उतरवून घेण्याचा असतो, चढवण्याचा वेग त्याहून कमी असतो. चढवण्याचा वेग सेकंदाला एक मेगाबिट धरला तर १२ एमबीच्या एका फोटोला ९६ सेकंद लागतात. असे चौदा फोटो म्हणजे बावीस मिनिटे. एवढ्या वेळात एकदा तरी रेंज जाणार, फोन येणार किंवा पडदा बंद होणार.

दुसरा टप्पा फाटकाचा. संकेतस्थळ ज्या संगणकावर असते त्याला सर्व्हर म्हणतात, आणि त्याच्या दारात एक प्रोग्रॅम उभा असतो. एनजिनएक्स आणि अपॅची हे त्यांतले दोन प्रसिद्ध. एनजिनएक्स बसवताना कोणी काही बदलले नाही तर एका वेळी १ एमबीहून जास्त माल तो आत घेत नाही. तो '४१३' असा क्रमांक दाखवून गाडी परत पाठवतो. तुमच्या पडद्यावर ४१३ दिसले की समजावे, अडवणूक फाटकावर आहे.

तिसरा टप्पा काट्याचा. दालनाचे सॉफ्टवेअर ज्या भाषेत लिहिलेले असते ती पीएचपी. रासमुस लेरडॉर्फ यांनी ती १९९५ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्या मूळच्या मर्यादा अशा आहेत: एक फाइल २ एमबीपर्यंत, एका खेपेचा सगळा माल मिळून ८ एमबीपर्यंत, आणि एका खेपेत जास्तीत जास्त २० फाइली. ज्या काळात कॅमेरेच दोन मेगापिक्सेलचे होते त्या काळाला हे आकडे पुरत. कॅमेरे वाढले, पण न बदललेल्या सर्व्हरवर आकडे तेच राहिले. बैलगाडीसाठी बसवलेल्या काट्यावर ट्रक चढवल्यासारखा हा प्रकार आहे.

चौथा टप्पा गव्हाणीचा. येथे फोटोची गाठ सोडली जाते, लहान प्रती काढल्या जातात, आडवे-उभे ठीक केले जाते. हे काम बहुधा जीडी नावाचा एक संच करतो. टॉमस बूटेल यांनी तो १९९४ मध्ये पहिल्यांदा काढला. या कामासाठी पीएचपीला मिळणारी स्मरणशक्ती, म्हणजे मेमरी, मूळची १२८ एमबी असते. येथे फाइल किती एमबीची याला महत्त्व नाही, ठिपके किती याला आहे. म्हणून कधी कधी फक्त दोन एमबीचा फोटोही गव्हाणीत अडतो आणि सभासद म्हणतो, "अहो, मर्यादेच्या आत आहे ना!" मर्यादेच्या आत असतो तो काट्याच्या, गव्हाणीच्या नव्हे.

पाचवा टप्पा गोदामाचा. फोटो ज्या फोल्डरमध्ये ठेवायचा तेथे जागा हवी आणि दालनाच्या सॉफ्टवेअरकडे त्याची किल्ली, म्हणजे लिहिण्याची परवानगी हवी. गोदाम भरले असेल किंवा किल्ली दुसऱ्याकडे असेल, तर बाकी सारे ठीक असूनही माल दारातच पडून राहतो.

मग चौदा फोटो गेले कुठे?

आता वरच्या प्रसंगाचा उलगडा करू. आपल्या दालनात फोटो टाकण्याचे दोन मार्ग आहेत. एक साधा फॉर्म, जुन्या फोनांसाठी ठेवलेला. दुसरा नवा मार्ग, ज्यात मोठ्या फोटोचे अर्ध्या-अर्ध्या एमबीचे तुकडे करून ते एकेक करून पाठवले जातात आणि आत गेल्यावर पुन्हा जोडले जातात. पिविगोसारख्या जगभर वापरल्या जाणाऱ्या मोफत दालन-सॉफ्टवेअरांतही अशी सोय असते. उसाच्या मोळ्या बांधून एकेक मोळी आत द्यावी तसे हे आहे.

त्या सभासदाने नव्या मार्गाने फोटो टाकले. अर्ध्या एमबीची मोळी फाटकाला अडत नाही आणि काट्यालाही अडत नाही. म्हणून पट्टी शेवटपर्यंत भरली. मग मोळ्या जोडून पूर्ण फोटो झाला आणि तो गव्हाणीत गेला. फोटो ५० मेगापिक्सेलचा. जागा हवी १८३ एमबी, मिळत होती १२८. गव्हाण तेथेच बंद पडली. काम अर्धवट राहिले म्हणून दालनात नोंदच झाली नाही, आणि तात्पुरत्या जागी पडलेली फाइल नंतरच्या साफसफाईत निघून गेली. चौदाच्या चौदा फोटोंचे असेच झाले.

सर्व्हरच्या नोंदवहीत मात्र सारे लिहिलेले होते. "१३४२१७७२८ बाइटांची मेमरी संपली" अशा अर्थाची ओळ तेथे चौदा वेळा आढळली. हा आकडा विचित्र दिसतो, पण १२८ ला १०२४ ने दोनदा गुणले की तोच येतो. नोंदवही कोणी उघडून पाहिली नव्हती, एवढेच.

कुठे अडला त्यावरून कारण ओळखावे

आमच्या अनुभवाचा सार असा की 'फोटो जात नाही' एवढे सांगून भागत नाही. कसा जात नाही ते पाहावे. दुखणे कुठे आहे ते त्यावरून कळते.

(१) बटण दाबताच नकार आला, किंवा ४१३ क्रमांक दिसला: फाइल फाटकाच्या मर्यादेहून मोठी आहे. फोटो लहान करून पुन्हा टाकावा.

(२) पट्टी मध्येच थांबते, आणि दर वेळी निराळ्याच ठिकाणी थांबते: दोष रस्त्याचा, म्हणजे रेंजचा. सर्व्हरकडे बराच वेळ काहीच पोहोचले नाही तर तो वाट पाहणे सोडून देतो. एकेक फोटो टाकावा, शक्यतो वायफायवर.

(३) साध्या फॉर्मने फोटो टाकला आणि "आपण कोणतीही फाइल निवडलेली नाही" असे उत्तर आले, किंवा पुन्हा लॉगिन करण्यास सांगितले: हा मोठा फसवा प्रकार आहे. सभासद तीन-तीनदा फाइल निवडतो आणि उत्तर तेच येते. एका खेपेचा माल ८ एमबीच्या वर गेला की पीएचपी सगळीच खेप रिकामी करून पुढे देते. त्यात फोटोही जातो आणि तुमची ओळखही जाते. म्हणून सॉफ्टवेअरला वाटते की काही आलेच नाही. फाइली कमी कराव्यात.

(४) तीस फोटो निवडले आणि वीसच आले: एका खेपेत वीस फाइलींची मर्यादा. उरलेले दहा दुसऱ्या खेपेत टाकावेत.

(५) पट्टी पूर्ण भरते आणि मग कोरे पान येते, किंवा '५००' क्रमांक येतो, किंवा काहीच येत नाही: गव्हाण. ठिपके जास्त झाले आहेत. जळालेल्या उसाच्या फोटोंचे हेच झाले.

(६) फोटो लागला, पण छोट्या चौकटीत चित्र दिसत नाही: लहान प्रत काढता आली नाही. आयफोनवाल्यांच्या बाबतीत कारण बहुधा वेगळे असते. २०१७ पासून त्यांचा फोन एचईआयसी नावाच्या नव्या पद्धतीने फोटो दाबतो. जुन्या सॉफ्टवेअरला ती गाठ सोडता येत नाही. फोनच्या सेटिंगमध्ये कॅमेरा, त्यात फॉरमॅट, आणि तेथे 'मोस्ट कंपॅटिबल' निवडले की पुढचे फोटो जेपेगमध्ये निघतात.

(७) फोटो लागला, पण आडवा पडला: फोन फोटो आहे तसाच साठवतो आणि "मला असे फिरवून दाखवा" अशी चिठ्ठी आत ठेवतो. सॉफ्टवेअरने चिठ्ठी वाचली नाही तर माणसे आडवी दिसतात. फोनमध्येच फोटो एकदा फिरवून जतन करावा.

(८) कोणताच फोटो, अगदी लहानही, जात नाही: गोदाम भरले किंवा किल्लीची गडबड. यात सभासदाने काही करण्यासारखे नाही. आम्हाला कळवावे.

काही वेळा पडद्यावर नुसता एक आकडा दिसतो. पीएचपीचे हे ठरलेले आकडे आहेत. १ म्हणजे फाइल सर्व्हरच्या मर्यादेहून मोठी, २ म्हणजे फॉर्मच्या मर्यादेहून मोठी, ३ म्हणजे अर्धीच पोहोचली, ४ म्हणजे फाइल आलीच नाही, ६ म्हणजे तात्पुरती जागा सापडत नाही, ७ म्हणजे डिस्कवर लिहिता येत नाही. १ ते ४ चा उपाय बहुधा तुमच्या हाती, ६ आणि ७ चा आमच्या. आकडा दिसला तर तो तसाच कागदावर लिहून आणावा. "काहीतरी इंग्रजीत आलं होतं" एवढ्यावरून आम्हाला बोध होत नाही.

मर्यादा वाढवून का टाकत नाही?

हा प्रश्न सभासद विचारणारच, आणि तो रास्त आहे. आम्हीही मेहरूणला तोच विचारला. उत्तर असे मिळाले.

एक, आपला सर्व्हर भाड्याचा आहे आणि त्यात आपल्यासारखी आणखी काही संकेतस्थळे आहेत. एका फोटोला १८३ एमबी, तो फिरवायचा तर त्याची दुसरी तेवढीच प्रत. असे दहा सभासद एकाच वेळी आले तर यंत्र आडवे होते. गव्हाण मोठी केली म्हणून बॉयलर मोठा होत नाही.

दोन, दालन पाहणारे बहुतेक जण खेड्यात मोबाइलवरच पाहतात. त्यांच्या पडद्याला एवढ्या ठिपक्यांचा उपयोग नसतो, आणि त्यांचा डेटा मात्र जातो.

तीन, मर्यादा नुसती एका ठिकाणी वाढवून चालत नाही. काट्याची वाढवली आणि फाटकाची तशीच ठेवली, तर गाडी काट्यापर्यंत पोहोचतच नाही. क्रम असा पाळावा लागतो: एका फाइलीची मर्यादा सर्वांत लहान, एका खेपेची तिच्याहून मोठी, मेमरी त्याहूनही मोठी, आणि फाटक निदान एका खेपेएवढे. शिवाय बदल केला की तो लगेच लागू होतो असेही नाही. काही सर्व्हरांवर पाच मिनिटे थांबावे लागते. पहिल्या संध्याकाळी आम्ही आकडे बदलून लगेच पाहिले, फरक दिसला नाही म्हणून पुन्हा बदलले, आणि उगीच तासभर गोंधळ घातला.

मोठमोठी सॉफ्टवेअरेही हाच विचार करतात. संकेतस्थळांसाठी सर्वत्र वापरले जाणारे वर्डप्रेस २०१९ सालच्या ५.३ आवृत्तीपासून फार मोठा फोटो आला की त्याची लांब बाजू २५६० ठिपक्यांवर आणूनच तो दाखवते.

आम्ही केलेले बदल

आता आपल्या दालनात एका फाइलीची मर्यादा २० एमबी, एका खेपेची व फाटकाची २५ एमबी आणि मेमरी २५६ एमबी केली आहे. लांब बाजू ४००० ठिपक्यांपर्यंत असलेला फोटो घेतला जाईल. त्याहून मोठा आला तर गव्हाणीत नेण्याआधीच तो थांबवला जाईल. गाठ न सोडता तिच्यावरचे लेबल वाचता येते, तसे फोटोची रुंदी-उंची फाइलीच्या सुरुवातीलाच वाचता येते. ही तपासणी आधीपासून असती तर त्या सभासदाला त्याच मिनिटाला कळले असते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, फोटो नाकारला गेला तर आता पडद्यावर मराठीत स्पष्ट ओळ येते आणि कारणही येते. फोटो लागला तर त्याचा अनुक्रमांक येतो. काट्यावरची पावती जशी सांभाळता तसा तो क्रमांक टिपून ठेवावा. क्रमांक मिळाला नाही तर फोटो पोहोचला नाही असेच धरावे, पट्टी कितीही भरलेली दिसो.

सभासदांनी काय करावे

कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन फोटोचा आकार १२ मेगापिक्सेलवर ठेवावा. ५० किंवा १०८ मेगापिक्सेल निवडण्याची रोजच्या कामाला गरज नाही. नुसते वेबसाइटवर दाखवायचे असेल, तर फोटो १६०० बाय १२०० इतका लहान केला तरी पुरतो. १ कोटी २० लाख ठिपक्यांचे १९ लाख २० हजार होतात, म्हणजे सहावा हिस्सादेखील उरत नाही, आणि मोबाइलवर पाहणाऱ्याला फरक कळत नाही.

फाइलीचे नाव साधे, इंग्रजी अक्षरांत व आकड्यांत ठेवावे. मराठी नावे आणि मधली मोकळी जागा काही सॉफ्टवेअरांना अजून झेपत नाही.

वार्षिक अहवालात छापायचा फोटो मात्र लहान करू नये. छपाईला इंचाला ३०० ठिपके लागतात. १६०० ठिपक्यांचा फोटो जेमतेम सव्वापाच इंच रुंद छापता येतो, ४००० ठिपक्यांचा तेरा इंचांपर्यंत. असा फोटो पेनड्राइव्हवर गट कार्यालयात आणून द्यावा.

पुराव्याच्या फोटोंबद्दल विशेष सूचना

जळालेला ऊस, लोळलेला ऊस, वाहून गेलेला बांध यांचे फोटो हे हौसेचे फोटो नव्हेत. कॅमेरा फोटोच्या आत तारीख, वेळ आणि लोकेशन चालू असेल तर ठिकाणही लिहून ठेवतो. पुरावा म्हणून त्या नोंदीला मोल आहे. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला की तो लहानही होतो आणि ही नोंदही निघून जाते. पाठवायचाच असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा, म्हणजे मूळ फाइल जशीच्या तशी जाते. फोटो लहान करणाऱ्या काही अॅपांतही ही नोंद गळते. म्हणून आधी मूळ फोटो वेगळा जपून ठेवावा, आणि मगच त्याची प्रत लहान करावी.

मूळ फोटो निदान दोन ठिकाणी असल्याशिवाय फोनमधून पुसू नये. दालन हे दाखवण्याचे ठिकाण आहे, तिजोरी नव्हे. आणि फोटो कितीही चांगला असला तरी तो पंचनाम्याची जागा घेत नाही. ऊस जळाल्यास प्रथम शेतकी खात्याला कळवावे, कारण जळालेल्या उसाचे वजन आणि उतारा दिवसागणिक घटतो आणि तोड लवकर लागणे हाच पहिला उपाय आहे. फोटो त्यानंतर.

उलट बाजूही ध्यानात असावी. घराचे, मुलाबाळांचे फोटो सर्वांसाठी खुल्या दालनात टाकताना आतली ठिकाणाची नोंद काढून टाकलेली बरी. आपले घर नेमके कुठे आहे हे साऱ्या जगाला सांगण्याचे कारण नाही.

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि पिकाचा फोटो काढून पाठवणे हे शेतकऱ्याचे काम झाले. तेथील अॅप निराळे आणि नियमही निराळे, पण रस्ता, फाटक आणि गोदाम यांची गोष्ट तेथेही हीच आहे. नोंद झाल्याची खात्री केल्याशिवाय शेत सोडू नये, ही सवय दोन्हीकडे उपयोगी पडेल.

जुन्या फोटोंसाठी आवाहन

आपल्या दालनात 'जुने दिवस' असा एक विभाग आहे. पहिल्या गळीत हंगामाचे, बैलगाड्यांच्या रांगांचे, भागभांडवल गोळा करण्यासाठी गावोगाव झालेल्या बैठकांचे फोटो अनेक सभासदांच्या घरी ट्रंकेत असतील. ज्यांनी ते दिवस पाहिले अशी माणसे आता थोडी उरली आहेत. फोटोतली माणसे कोण हे सांगणारे कोणी आहे तोवरच ते फोटो बाहेर आले पाहिजेत.

काही सभासदांच्या मुलांनी असे फोटो स्कॅन करून पाठवले, पण तेही अडले. कारण मजेशीर होते. "जुना फोटो आहे, चांगला निघावा," म्हणून त्यांनी स्कॅनर इंचाला १२०० ठिपक्यांवर लावला. ६ बाय ४ इंचांचा साधा फोटो ७२०० बाय ४८०० ठिपक्यांचा झाला. सोडल्यावर त्याला सुमारे १३२ एमबी जागा लागे, आणि मर्यादा होती १२८! चार एमबीसाठी गाडी अडली. तोच फोटो ६०० ठिपक्यांवर स्कॅन केला तर ३६०० बाय २४०० होतो, ३३ एमबीत काम भागते, आणि जुन्या कागदावरच्या फोटोतला तपशील त्यात पुरेसा उतरतो. तरी स्कॅन करणाऱ्यांनी ६०० वरच लावावे.

ज्यांना हे जमत नसेल त्यांनी संकोच करू नये. फोटो गट कार्यालयात आणावा. तेथे तुमच्यासमोर स्कॅन करून मूळ फोटो त्याच वेळी परत दिला जाईल, ठेवून घेतला जाणार नाही. मागे शक्य तर पेन्सिलीने साल, गाव आणि माणसांची नावे लिहावीत. आणि फोटो टाकताना अडचण आली, तर तारीख, वेळ, फोनचा प्रकार आणि पडद्यावरचा आकडा एवढे चार शब्द लिहून कळवावे. नोंदवही आता दर सोमवारी उघडली जाते, आणि ज्याचा फोटो अडला त्याला आम्ही स्वतः फोन करून सांगतो.

त्या चौदा फोटोंपैकी एकही परत मिळवता आला नाही. पुढे असे कोणाचे होऊ नये, एवढ्यासाठी हा लेख.



— संपादक मंडळ